ज्ञानू वायरमनच्या घड्याळाचा लोड

सांगवीत कुणाच्या मोटरीचा स्टार्टर धरेनासा झाला की पहिलं नाव निघतं ते ज्ञानू वायरमनचं. माणूस बासष्टीचा. लोणी देवकरच्या एका कारखान्यात वीस वर्षं मेंटेनन्सला काढली आणि आता घरी बसलाय. बसलाय म्हणायचं आपलं, दीड एकर ऊस आहे आणि गावभरच्या मोटरी आहेत. हुशार, पण हट्टी किती म्हणाल! कारखान्यात कंप्रेसरच्या खोलीत कानात घालायला बोळे मिळायचे, ते ह्या गड्यानं शर्टाच्या खिशात घातले, कानात कधी घातले नाहीत. "बोळं घातलं तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळायचं?" असं वर विचारायचा. मशीनचं ऐकता ऐकता कान गेले. डावा साफ बंद. उजव्याला श्रवणयंत्र लावलं तर समोरच्याचं बोलणं कळतं, पण रानात घाम आला की ते शिट्ट्या मारतं, म्हणून त्याचा मुक्काम घरातल्या कोनाड्यात.

बायको शालन होती तोवर त्याचं काही अडलं नाही. रानात हाक मारायची झाली की ती बांधावरून त्याच्या पुढ्यात ढेकूळ टाकायची. ढेकूळ पडलं की हा मान वर करायचा. तीन वर्षांपूर्वी शालन काविळीनं गेली आणि ढेकूळ टाकणारं कुणी उरलं नाही.

यंदा लेक रश्मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा धम्मदीप लोणी देवकरलाच शिफ्टमध्ये कामाला, आईबरोबर इंदापुरात राहतो. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीतच आहे. पण माहेरी आई नाही आणि बाप बहिरा. ज्ञानूची थोरली बहीण सारजा वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिनं पहिल्याच दिवशी तोंड उघडलं.

"आरं, पोरीला कळा आल्या तर तुला सांगायचं कुणी? मला ऐकू येतं तर गुडघं चालत न्हाईत, तुझं गुडघं चालत्यात तर कान न्हाईत. एका धड माणसाचं काम हाय हे."

ज्ञानू मात्र ऐकायला तयार नव्हता, आणि त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा वायरिंग त्यानं स्वतः केलं. आतल्या खोलीत शालननं त्याच्याकडून एक प्लग जास्तीचा काढून घेतला होता. "ही रश्मीच्या बाळंतपणाची खोली," ती म्हणाली होती, "हितं पाणी गरम करायला प्लग पायजे." तेव्हा रश्मीचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. तो प्लग तसाच होता, एकदाही न वापरलेला. बाळंतपण ह्याच घरी करायचं हे ज्ञानूनं मनाशी पक्कं केलं होतं, आणि खरं सांगायचं तर रश्मीनंही.

तिनंच मग बारामतीहून ते स्मार्टवॉच आणलं. फोन खिशात आणि घड्याळ मनगटावर. खिशातला फोन थरथरला तर कापडावरून कळत नाही, पण मनगटावर थरथरलं की झोपलेला माणूसही उठतो. घड्याळाच्या तबकडीवर तिनं शालनचा फोटो लावून दिला. विहारातल्या कार्यक्रमातला, पांढऱ्या साडीतला, कशाला तरी खळखळून हसतानाचा.

ज्ञानूनं घड्याळ हातात घातलं आणि थोड्या वेळानं विचारलं, "ही सारखी विझती का गं?"

"बॅटरी वाचवायला विझतंय, आबा."

"न्हाय, न्हाय. चालू राहू दे."

तिनं स्क्रीन कायम चालू राहील असं करून दिलं. मग ह्यानं चष्मा लावून बाकीचंही चालू केलं. उन्हात दिसावं म्हणून उजेड पार वरपर्यंत. नाडी मोजायचं चालू. झोप मोजायचं चालू. फोनवर येईल तो प्रत्येक मेसेज मनगटावर. आता ह्याला मूर्खपणा म्हणावं तर शेतकऱ्याच्या जन्मजात सवयीला नावं ठेवल्यासारखं होईल. इकडं शेतीची वीज पाळीपाळीनं येते. आज दिवसा, तर पुढच्या आठवड्यात रात्री. विहिरीवर पळत कोण जाणार? म्हणून स्टार्टर कायम ऑटोवर, वीज आली की मोटर आपली आपण सुरू. बंद करायचं असतं हेच डोक्यात नाही. ज्ञानूनं घड्याळसुद्धा ऑटोवर टाकलं.

आठव्या दिवशी व्हायचं ते झालं. ज्ञानू उसात खुरपत होता. दुपारी तीनला रश्मीच्या पोटात दुखायला लागलं. तिनं अकरा वेळा फोन केला. घड्याळ अडीचलाच मेलं होतं. शेवटी तिनं शेजारच्या अनुपला बोलावलं, त्यानं गाडी काढली, वाटेत सारजाला घेतलं आणि तिला बारामतीला दवाखान्यात नेलं. कळा खोट्या निघाल्या, अजून पंधरा-वीस दिवस आहेत म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं. ज्ञानू सहाला घरी आला तो दाराला कुलूप. पिशवीतून फोन काढून बघितला तर लेकीचे अकरा कॉल. तो तसाच पायरीवर बसला. उठून कुठं जावं तेही त्याला सुचेना.

अर्ध्या तासानं गाडी आली. रश्मी उतरली ती हसतच, पण सारजा काही हसत नव्हती. ज्ञानूनं कोनाड्यातलं यंत्र कानात घालेपर्यंतही तिला दम निघेना.

"धम्मदीपला सुट्टी कवा हाय? गुरवारी? गुरवारी येऊन घेऊन जाऊ दे पोरीला. तिची सासू काय वाईट न्हाय आणि तिला ऐकू येतं. मी आता ऐकायची न्हाय तुझं."

"आक्का, चार दिवस हायत गुरवारला," ज्ञानू म्हणाला. "तोवर तू हितं बस. गुरवारी सकाळी ह्या घड्याळात जीव असला तर पोरगी हितंच ऱ्हाईल. नसला तर मी सोता तिची पिशवी भरतो."

"आन् जीव असला म्हंजी कसा?"

"सकाळी सहाला चार्जिंगवरनं काढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहापतोर मनगटावर. मधी चार्जिंग न्हाय."

सारजाला चार्जिंगचं कळलं नाही, पण रात्रीचं कळलं. कळा काय दिवस बघून येत नाहीत. झोपताना कानातलं यंत्र निघतं, म्हणजे रात्रीच घड्याळ मनगटावर पाहिजे. चार्जिंगला लावायचं ते सकाळी आंघोळ आणि चहा होईस्तोवर, तेवढाच काय तो वेळ. बॅटरी खराब आहे, दुकानात बदलून आणू, असं रश्मी म्हणाली. ज्ञानूनं मान हलवली. बिल जास्त येतंय म्हणून लोक मीटरला शिव्या देतात, आणि लोड निघतो घरातच, हे त्यानं आयुष्यभर बघितलं होतं. अशा वेळी वायरमन एकच करतो. सगळी बटणं बंद करायची, मग एकेक चालू करून मीटर किती पळतंय ते बघायचं. ज्ञानूनं जुनी डायरी काढली आणि पेन्सिलीला टोक केलं.

पहिल्या दिवशी तो रानात गेलाच नाही, ओट्यावर बसून राहिला. अडीचला घड्याळात पन्नास टक्के शिल्लक. म्हणजे तेच घड्याळ, तीच बटणं, आणि रानात मरतं ते घरात मरत नाही. ज्ञानूला बरं वाटलं. बॅटरी धड होती. खोट रानात होती, आणि रान त्याच्या ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन सरीत बसला आणि मनगटाकडं बघतच राहिला. एरवी मंद चालू असलेली स्क्रीन खुरपं उचललं की भक्कन पुरती उजळायची. पुन्हा उचललं, पुन्हा भक्क. माणूस वेळ बघायला हात वर करतोय असं त्या बिचाऱ्या घड्याळाला वाटत होतं! "आरं बाबा, मी खुरपतोय," तो त्याला मोठ्यानं म्हणाला. ते बटण बंद झालं. मग त्याच्या ध्यानात आलं की फोनची पिशवी बांधावरच्या लिंबाला टांगलेली असते आणि हा सरीच्या पार दुसऱ्या टोकाला. तेवढ्या लांबून घड्याळाला फोन सापडत नाही. ते सारखं हुडकत बसतं, आणि हुडकण्यात बॅटरी खातं. शिवाय फोन सापडला नाही तर कॉल येणार कुठून? घड्याळ जिवंत असतं तरी त्या दिवशी कॉल लागला नसता. फोन त्यानं बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि वरून सेफ्टी पिन लावली.

त्या दिवशी घड्याळ संध्याकाळी साडेसहापर्यंत टिकलं. सारजा म्हणाली, "सकाळ कुठं हाय अजून!"

तिसऱ्या दिवशी मेसेज. विहाराचा ग्रुप, ऊस सभासदांचा ग्रुप, जुन्या कामगारांचा ग्रुप. सकाळी सहा ते नऊ कमळाची फुलं, जयभीम आणि शुभ सकाळ. ज्ञानूनं मोजलं तर दुपारपर्यंत घड्याळ एकशे बारा वेळा थरथरलं होतं, आणि ह्यानं बघितलं होतं तीन वेळा. थरथरीची सवयच होऊन गेली होती. रश्मीचा कॉल आला असता तरी ह्याला कमळाचं फूलच वाटलं असतं. त्यानं सगळं बंद केलं. फक्त कॉल, आणि तोही लेकीचा, जावयाचा आणि अनुपचा. नाडी मोजायचं बंद करताना रश्मी कुरकुरली.

"तुमच्या तब्येतीसाठी हाय ते, आबा."

"नाडी हाय का न्हाय ते मला घड्याळाबिगर कळतं. बंद कर."

उजेडही निम्म्यावर आणला. रात्री झोपताना सतरा टक्के होते, पहाटे उठून बघतो तर घड्याळ मेलेलं. डायरीतली बटणं संपली. म्हणजे एक सोडून सगळी.

ते एक कोणतं, हे ज्ञानूला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. तीस-चाळीस वर्षं वायरीत घालवलेला माणूस, दिवसरात्र जळणारा दिवा त्याला दिसणार नाही होय? पण लोड शोधताना त्यानं बाकी सगळं तपासलं आणि नेमकं त्याच्याकडं बघितलं नाही. रश्मीलाही ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी चहा झाल्यावर त्यानं चार्जिंगवरचं घड्याळ काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"फोटो काढ. काळी तबकडी लाव, आन् ते कायम चालू हाय ते बंद कर."

"आबा, राहू द्या की. मी जाते इंदापूरला. तिकडं बी चांगलं हाय."

"काढ म्हणतो ना."

रश्मीनं काढला. काळ्या पडद्यावर बारीक पांढरे आकडे, बोट लावलं तरच दिसणारे, नाहीतर नुसती काच. दिवसभर ज्ञानू सवयीनं मनगटाकडं बघत राहिला. त्या काचेत त्याला त्याचंच तोंड दिसायचं. त्याला फार वाईट वाटलं, शालन परत एकदा गेल्यासारखं. खुरपता खुरपता दोनदा त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि उसाच्या पानाचं कुसळ गेलं म्हणून स्वतःचीच समजूत घातली.

गुरुवारी सकाळी सहाला तो सारजापुढं जाऊन बसला आणि घड्याळाला बोट लावलं. सारजानं चष्मा पुसून आकडा वाचला.

"चौपन्न. म्हंजी किती?"

"निम्म्याच्या वर."

"एक दिवस एक रात्र जाऊन?"

"व्हय."

सारजानं त्याचं मनगट धरून काच निरखली. मग म्हणाली, "फोटो कुठं गेला शालनचा?" ज्ञानूनं घड्याळावर बाही ओढली. दुपारी धम्मदीप आला, पोटभर जेवला आणि एकटाच परत गेला. सारजा मात्र मुक्कामालाच राहिली.

पुढं बारा दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, ज्ञानू उसाच्या पार आतल्या सरीत असताना मनगट थरथरलं. हल्ली ते उगीच थरथरत नव्हतं, त्यामुळं बघायचीसुद्धा गरज नव्हती. खुरपं तिथंच पडलं. चिखलाच्या पायानं हा पठ्ठ्या पळत सुटला. पळता पळता घड्याळातलंच बटण दाबून त्यानं अनुपला कॉल लावला आणि पलीकडचं काही ऐकू येत नसताना नुसता ओरडला, "अनुप, गाडी! गाडी काढ!" घरी पोचला तर गाडी दारात, आत रश्मी आणि तिच्याजवळ पिशवी धरून सारजा बसलेली. संध्याकाळी आठाच्या आत बारामतीला दवाखान्यात मुलगी झाली. अडीच किलोची, मोठ्या आवाजाची. इतक्या मोठ्या आवाजाची की ज्ञानूला बाहेर बाकावर बसल्या बसल्या उजव्या कानानं ती ऐकू आली.

तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. धम्मदीप आणि त्याची आई बाळ बघून संध्याकाळी गेले. सारजानं धुरी दिली, बाळाला रश्मीच्या कुशीत ठेवलं आणि गुडघे धरत बाहेरच्या खोलीत गेली. ज्ञानू आतल्या खोलीत आला. हातात घड्याळाचा चार्जर होता.

"रश्मे, तो फोटो लावून दे परत."

तिनं लावला.

"आन् कायम चालू कर."

"आबा, बॅटरी उतरंल."

ज्ञानू खाली वाकला. त्या जास्तीच्या प्लगच्या भोकांत सात वर्षांची धूळ होती, ती त्यानं फुंकून काढली. चार्जर लावला, खटका दाबला आणि घड्याळ बाळाच्या अंथरुणाजवळच्या फळीवर, तोंड बाळाकडं करून ठेवलं. पांढऱ्या साडीतली शालन हसत होती.

"हितं प्लग हाय," तो म्हणाला. "तिनंच काढून घेतलाय."