खंडेनवमीला घासलेलं इंजिन

पितळेवर चिंच घासल्याचा आंबूस वास आला की मला अण्णाचं छोटं इंजिन आठवतं. अण्णा, माझा थोरला भाऊ, बेळगावात खऱ्या इंजिनावर कोळसा टाकायचा. छातीच्या दुखण्यानं नोकरी सुटली, तेव्हा कॅम्पातल्या आमच्या घरी त्यानं फळीवर चिमुकले रूळ मांडले, आणि त्यांवरचं पितळी इंजिन आपल्या काळ्या, कळकट इंजिनासारखं दिसावं म्हणून पावसाळाभर त्याला दिव्याची काजळी, तेल आणि गंजाच्या रंगासाठी विटेची पूड लावत बसला. खंडेनवमीच्या सकाळी आईनं विळी, कोयता, अडकित्ता पूजेला मांडला, आणि मधोमध ते इंजिन, झेंडू वाहिलेलं, आरशासारखं लख्ख. "किती काळं झालतं रं! पुजेला तसंच कसं ठेवायचं? चिंच लावून घासलंय," ती कौतुकानं म्हणाली. मला अण्णाकडं बघवेना. "व्हय आई, लई छान दिसतंय," म्हणत त्यानं हात जोडले, ते बराच वेळ सुटलेच नाहीत. पुढचा पावसाळा त्यानं बघितला नाही. इंजिन आता माझ्याकडं आहे. मी ते कधीच पुसत नाही. धूळ बसते, पितळ काळवंडतं, पण अण्णाच्या हातचा काळेपणा काही येत नाही.