कॅमेऱ्यावरची टिकली

मुलगा गेला, मागं त्याचा कॉम्प्युटर राहिला आणि सून. मी तिसरीपर्यंत शिकलेली. शनिवार पेठेत लोकांच्या घरी पोळ्या लाटण्यात माझा जन्म गेला. गुडघ्यांनी साथ सोडली तसं तेही बंद झालं. मग सुनेनं मांजरी गावातल्या आमच्या दोन खोल्यांत बसूनच एका कंपनीचं काम धरलं. दिवसभर कसले कसले कागद बघून टाइप करायचे.

त्या कंपनीनं कॉम्प्युटरमध्ये एक सॉफ्टवेअर घातलं होतं, तिच्यावर लक्ष ठेवायला. माऊस थोडा वेळ हलला नाही की बाई उठून गेली असं धरायचं आणि तेवढा वेळ पगारातून जायचा. कुकर लावायला उठायचीसुद्धा चोरी. म्हणून ती उठली की मी खुर्चीत बसायची आणि माऊस फिरवत राहायची, कणकेच्या परातीत हात फिरतो तसा, गोल गोल. दुसरं काही दाबायचं नाही, एवढंच तिनं मला शिकवलं होतं.

वर कॅमेऱ्याचा बारका डोळा. तोही बघतो म्हणाली. ते काही माझ्या मनाला पटेना. आम्ही दोघी बाया, कधी पदर सरकतो, कधी डोळ्याला पाणी येतं. ते काय कोणी बघायचं? मुलगा गेल्यापासून सुनेनं टिकली सोडली होती. लावत जा, असं मी म्हटलं होतं, तिनं ऐकलं नाही. पाकीट फळीवर तसंच पडून होतं. एकदा ती अंघोळीला गेलेली बघून मी त्यातली एक मोठी मरून टिकली काढली आणि त्या डोळ्यावर लावून टाकली.

संध्याकाळी फोन आला. कॅमेरा झाकला म्हणून तिचा अख्खा दिवस कापला. तिनं फोन ठेवला. नखानं टिकली सोडवली आणि परत पाकिटाला चिकटवून ठेवली.

पुढं त्या कंपनीनं तिला काढलं. सॉफ्टवेअर मात्र आमच्याकडेच राहिलं. दुसरीकडे काम मिळत होतं, पण त्यांच्या माणसानं लांबूनच कॉम्प्युटर तपासला आणि म्हणाला, यात आधीच कोणीतरी बघत बसलंय, आमचे कागद कसे द्यायचे? सोमवारपर्यंत साफ करा, नाहीतर आम्ही दुसरी बाई बघतो. आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

सुनेनं पडद्यावरचं त्या सॉफ्टवेअरचं चित्र उडवलं. आम्हाला वाटलं, गेलं. बंद करून चालू केला तर कॅमेऱ्याचा दिवा परत लागला. आत शिरून काढायला गेली, तर ते पासवर्ड मागायला लागलं. तो जुन्या कंपनीकडे, आणि तिथं फोन कोणी उचलेना.

शेवटी कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधला आणि बसनं स्वारगेटला नेला. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. सुनेनं काय काय केलं ते सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही दारावरची पाटी काढलीत," तो म्हणाला. "बिऱ्हाड आतच आहे."

त्यानं बराच वेळ खटपट केली. एक तुकडा काढला की दुसरा त्याला परत आणून बसवत होता. मग म्हणाला, सगळं पुसून कोरा करावा लागेल, ठेवायचं काय ते सांगा.

"ह्यांचे फोटो," सून म्हणाली.

फोटो पेनड्राइव्हवर घेतले. ती तो मुठीत धरून बसली. पुसून होईपर्यंत आम्ही दोघी बाकड्यावर बसून होतो.

घरी येऊन चालू केला. दिवा लागला नाही. आम्ही वाट बघितली, तरी नाही. सून तिथंच पंख्याखाली फरशीवर आडवी झाली. मी सवयीनं माऊसकडे गेले तर म्हणाली, "राहू द्या आई, आता नाही हलवायचा." किती दिवसांनी भरदुपारी झोपली पोर.

सोमवारी नव्या कंपनीच्या माणसानं परत तपासलं. साफ आहे म्हणाला, काम दिलं. आणि मग त्यांनी त्यांचं सॉफ्टवेअर पाठवलं. सुनेनं ते घातलं. कॅमेऱ्याचा दिवा लागला.

"हेही बघतं का गं?"

"हो."

"आणि माऊस?"

"तोही."

मी फळीकडे बघितलं. तिच्या ध्यानात आलं.

"टिकली नको हं, आई."

नाही लावत म्हटलं. थोड्या वेळानं ती कणीक भिजवायला उठली. मी पदराला हात पुसले आणि खुर्चीत जाऊन बसले.