निखिल ‘स्पोर्ट्स’मध्ये आहे!

घरातला एक जण जुगाराच्या धंद्यात असला की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते जेवणाच्या टेबलावर येऊन बसतात. मी इंग्लंडमध्ये, क्रॉयडनला जन्मभर कारकुनी केली, सांगण्यासारखं काही घडलं नाही. पुतण्या निखिल ऑनलाइन बेटिंगच्या कंपनीत बॅकएंड डेव्हलपर झाला आणि घडायला लागलं!

* * *

आमच्या हिनं पुण्याला कळवलं, “निखिल स्पोर्ट्समध्ये आहे.”

त्याचा ताजा फोटो पाहून तिकडून विचारणा आली, “कुठला खेळ? सुमो का?”

* * *

मी एकदा विचारलं, “बॅकएंड म्हणजे नेमकं करतोस काय?”

“काका, लोक स्क्रीनवर बटण दाबतात ना, त्याच्या मागचं सगळं मी बघतो.”

“म्हणजे दरोडा पुढचे घालतात आणि तू मागे गाडी चालू ठेवून बसतोस!”

“हो. पण पगार पुढच्यांपेक्षा मला जास्त.”

* * *

पंचाईत झाली ती लग्नाची. निखिल आणि रेवाचं जमलेलं, पण तिचे वडील, डॉक्टर, अडून बसले. “जुगारवाल्याला मुलगी देणार नाही!”

इथेच जन्मलेल्या रेवानं सुनावलं, “बाबा, लग्न माझा आहे. तुम्ही फक्त जेवायला या!”

निखिलला मात्र त्यांच्या होकाराशिवाय लग्न नको होतं.

* * *

म्हणून तो बेसिंगस्टोकला इंटरव्ह्यूला गेला. काम हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंट्सच्या सॉफ्टवेअरचं.

“सिस्टिम बंद पडली तर किती वेळात चालू कराल?”

“पाच मिनिटांत.”

समोरचे तिघे अस्वस्थ झाले. एक जण हळूच म्हणाला, “इथे एवढी घाई नसते.”

नोकरी मिळाली, पण पगार बराच कमी. निखिल नकार देऊन आला. “काका, मॉर्गेजवाले हप्त्यात पुण्य घेत नाहीत!”

* * *

शेवटी रेवानं डॉक्टरांना आमच्याकडे चहाला आणलंच. निखिलनं पगार सांगितला. डॉक्टरांनी चहात आणखी साखर घातली.

“पण ही नोकरी टिकेल ना?”

“लोक हरायचे थांबेपर्यंत, डॉक्टरकाका.”

डॉक्टर चक्क हसले. “बरं, माझी हरकत नाही!”

रेवानं निखिलचा हात धरला, हिनं पेढे आणले. तेवढ्यात आमचा प्रामाणिक पुतण्या म्हणाला, “एक राहिलं. कंपनीचा नियम आहे, जवळच्या नातेवाइकांना आमच्या साइटवर पैसे लावता येत नाहीत. सगळ्यांची नावं कळवावी लागतात.”

पेढा डॉक्टरांच्या हातातच राहिला.

त्यांनी विचारलं, “सासरे जवळच्यात धरतात का रे?”