पंचाच्या अंगातला शर्ट

कोर्टात साक्षीला येताना काय घालावं, हे समन्सवर लिहिलेलं नसतं. मी कागद उलटा करून, उजेडात धरूनही बघितला. तारीख होती, वेळ होती, शिक्का होता. कपड्यांबद्दल एक अक्षर नाही. मला तिथेच संशय आला की यात काहीतरी डाव आहे.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या रफीकभाईंच्या कापडदुकानातून शर्टपिसांचे खोके चोरीला गेले. चोर सापडला. माल जप्त करताना पोलिसांना दोन पंच हवे होते, आणि मी नेमका कोथिंबिरीची जुडी घेऊन तिथून चाललो होतो. "काका, दोन मिनिटं," असं म्हणून मला अडीच तास उभं केलं. कोथिंबीर माना टाकून मोकळी झाली, मी सह्या केल्या आणि पंच झालो. खोक्यांत काय होतं? पंचनाम्यात लिहिलंय त्या अर्थी मी ते बघितलंच असणार! (कोथिंबीर मात्र अजून लख्ख आठवते.)

आता साक्ष द्यायची होती. मी कॉलेजच्या लायब्ररीत कारकून. आयुष्यात कमावलं काय, तर एकच गोष्ट: 'हा माणूस कुणाचं काही घेत नाही' हे नाव. आमच्या ग्रंथपालांनी तर आधीच घाबरवून ठेवलं होतं. "आरोपीचा वकील पहिल्यांदा पंचावरच घसरतो. हा पोलिसांचा नेहमीचा माणूस, नाहीतर फिर्यादीच्या खिशातला, असं दाखवतो." म्हणजे मला दिसतानाच स्वच्छ दिसायला हवं होतं.

मी कपाट उघडलं आणि एकेका कपड्यावरचा विश्वास उडत गेला. पांढरा शर्ट घातला, तर पुढारी. खाली काळी पँट घातली, तर वकील. खाकी पँट म्हणजे साध्या वेशातला पोलीस! जुना शर्ट घातला तर म्हणतील, गरीब दिसतोय, साक्षीदार विकत घेतला असेल. तीन दिवस मी आरशासमोर उभा होतो. त्यामुळे आमच्या हिला, म्हणजे सुनंदाला, वेगळाच संशय आला.

"साक्षच द्यायला चाललाय न्हवं?"

"मग कशाला?"

"न्हाय, आपल्या लग्नाच्या दिवशी बी तुमी एवढं आरशात बघितलं न्हवतं. कोण येणार हाय कोर्टात?"

"चोर येणार आहे!"

"चोरासाठी एवढं नटायचं?" असं म्हणून ती आत गेली आणि भांडी नेहमीपेक्षा मोठ्यानं लावू लागली.

शेवटी वाट दाखवली बाळूनं. बाळू म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ, मोहोळचा. साक्षीची मजा बघायला तो आदल्या दिवशीच येऊन थडकला होता. तो म्हणाला, "दाजी, आमच्या वास्तुशांतीला तुमाला जावयाचा मान म्हणून शर्टपीस दिला होता, त्यो शिवलाय का न्हाय?"

शिवला होता! इथेच माझं चुकलं. आहेराचं कापड शिवायचं नसतं, पुढं ढकलायचं असतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. प्रत्येक घरात त्यासाठी एक कप्पा असतो. त्यात आलेला खोका तसाच, न उघडता, पुढच्या बारशाला जातो. पण बाळूनं दिलेला पीस मला आवडला होता. मोरपंखी चौकडा आणि त्यात बारीक तांबडी रेघ. ना पुढारी, ना पोलीस. नव्वद टक्के प्रामाणिक दिसणारा शर्ट!

तोच घालून मी पिंजऱ्यात उभा राहिलो. सगळं खरं सांगेन अशी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, मी पंचनाम्याप्रमाणे सांगितलं. मागच्या बाकावर बाळू कौतुकानं मान डोलावत होता, रफीकभाई तसबीहचे मणी ओढत होते. मग आरोपीचे वकील उठले. बारीक अंगाचे, बारीक आवाजाचे. मला तेव्हाच ते आवडले नाहीत.

"फिर्यादी रफीकभाईंना ओळखता?"

"दुकानदार म्हणून."

"त्यांच्याकडून कधी काही घेतलंत? भेट, वस्तू, काही?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो! छाती फुगवून म्हणालो, "साहेब, एक धागासुद्धा नाही!"

"मुद्देमाल दाखवा," वकील म्हणाले.

शिपायानं पाकिटाची लाख फोडली आणि नमुन्याचं कापड टेबलावर उलगडलं. मोरपंखी चौकडा. त्यात बारीक तांबडी रेघ.

मी हळूच हातातली पिशवी छातीशी धरली.

"साक्षीदार, पिशवी खाली ठेवा."

मी पिशवी खाली ठेवून हाताची घडी घातली.

"हात खाली."

मी हात खाली घेतले. वकिलांनी ते कापड उचलून माझ्या खांद्याशेजारी धरला आणि न्यायाधीशांकडे वळून, दुकानात गिऱ्हाइकाला दाखवतात तसं दाखवलं.

"साहेब, पंचानं अंगात मुद्देमाल घातलाय!"

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "हा शर्ट कुठून आणला?"

"आहेराचा आहे, साहेब. मेहुण्यानं दिला." मी बोट दाखवलं. बाळू बाकाखाली जायला निघाला होता, तो तसाच अर्धवट उभा राहिला.

"साहेब, मला काय बी म्हाईत न्हाय! मला जेऊरच्या चुलत्यानं दिला, मी खोका उघडून बी बघितला न्हाय!"

"न उघडताच दिला?"

"आहेर कोण उघडतंय व्हय, साहेब?"

सगळं कोर्ट गालात हसलं. सगळ्यांच्याच घरी तो कप्पा असणार. रफीकभाई उठून म्हणाले, "साब, ये माल तो आधे सोलापूर कू बेचा मैं." न्यायाधीशांनी दोघांनाही गप्प बसवलं. उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेला ठेवली.

घरी येईपर्यंत माझ्या मनात सगळं स्पष्ट झालं होतं. जेऊरचे चुलत सासरे! मला ते पहिल्यापासून संशयास्पदच वाटत होते. एवढा शांत माणूस? आणि बाळू? त्याचं घर एवढ्या लवकर कसं बांधून झालं? सुनंदाच्या अख्ख्या माहेरावर मी मनातल्या मनात आरोपपत्र दाखल केलं. उरलेलं थोडं मोठ्यानंही बोललो.

सुनंदा आत गेली आणि शर्टपिसाचा रिकामा खोका घेऊन आली. (आमच्याकडे खोके टाकत नाहीत. त्यात सुया-दोरे ठेवतात.) तिनं सुया काढल्या, खोका उलटा केला आणि माझ्या नाकाशी धरला. खाली एक चिठ्ठी चिकटलेली होती. 'ती. काकांना साठीनिमित्त सप्रेम भेट.' खाली माझं नाव. अक्षर माझं. लायब्ररीतल्या पुस्तकांवर नंबर घालतो तेच वळणदार अक्षर!

"आमच्या काकाच्या साठीला तुमीच दिला होता की," ती म्हणाली. "काकानं बाळूला दिला, बाळूनं तुमाला."

"पण आपल्याकडे कुठून आला?"

"पंचनाम्यानंतर रफीकभाईनं घरी आणून दिला. तुमी लई ताटकळला म्हणून. तुमी म्हणला, ठेव कप्प्यात."

सुनंदाचं माहेर निर्दोष सुटलं. अडकला होता एकच माणूस, आणि तो कोर्टात शपथेवर 'एक धागासुद्धा नाही' असं सांगून आला होता. खरं सांगतो, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांचं नाव एका चौकड्यात गेलं होतं. बाळूची माफी मागितली, तर तो म्हणाला, "असू द्या दाजी, पण शर्ट तुमाला शोभतोय."

पुढच्या तारखेला खरं सांगायचं ठरवलं. पण घालायचं काय? कपाटातल्या प्रत्येक कपड्याचा आता मला संशय येत होता. मूळ गाव पक्कं माहीत असलेला एकच कपडा निघाला. लग्नातली सफारी. पोटावर बटणं लागेनात, पण कुठून आली याबद्दल शंका नव्हती. तीच घालून गेलो, पिंजऱ्यात उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, मागच्या वेळी एक धागासुद्धा नाही म्हणालो. धागा नव्हता हे खरं आहे. अख्खा शर्टपीस होता." खोका दाखवला, चिठ्ठी दाखवली. न्यायाधीशांनी ते नीट लिहून घेतलं, आणि मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात ते बारीक आवाजाचे वकील पुन्हा उठले. "आणि आजची ही सफारी?"

मी अभिमानानं सांगितलं, "सासऱ्यांनी दिली. लग्नात."

"असं?" वकील हळूच म्हणाले. "म्हणजे हुंड्यात?"

बाहेर व्हरांड्यात येऊन मी बाकावर टेकलो, तेव्हा सफारीचं शेवटचं बटणही तुटून घरंगळत गेलं. शेजारी बसलेल्या माणसानं ते उचलून माझ्या हातात दिलं. बघतो तर जामिनावर सुटलेला आरोपी! त्यानं माझ्याकडे खऱ्याखुऱ्या कळवळ्यानं बघितलं.

"काका, लई अडकलाय तुमी," तो म्हणाला. "माझा वकील चांगला हाय. नंबर देऊ का?"

मी इकडेतिकडे बघितलं आणि नंबर लिहून घेतला.