मामांची बिनगाडीची वाट

माझ्या बायकोच्या मामांनी सायकल जितकी हातात धरून चालवली आहे, तितकी या मुंबईत दुसऱ्या कोणी चालवली नसेल. सत्तरी ओलांडलेला हा माणूस रोज सकाळी लालबागच्या चाळीतून सायकल घेऊन बाहेर पडतो. डोक्याला माकडटोपी, पायात कॅनव्हासचे बूट, पँटला घोट्यापाशी क्लिप, असा सगळा थाट असतो. आणि पहिली टॅक्सी दिसली की खाली उतरतो. ती गेली की बसतो, दुसरी दिसली की पुन्हा उतरतो. लालबागसारख्या ठिकाणी याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. चाळीतली माणसं म्हणतात, लोक कुत्र्याला फिरवून आणतात, तसे मामा सायकलला फिरवून आणतात. मामांना याचा राग येत नाही. "फिरवलेली बरी. गंज चढत नाय," एवढंच म्हणतात.

याचं मूळ कोकणात आहे. काही वर्षांपूर्वी परळच्या नाक्यावर उभ्या टॅक्सीचं दार अचानक उघडलं आणि मामा त्याच्यावर आपटले. कोपर प्लास्टरमध्ये गेलं आणि मामींनी सायकलकडे बघणं टाकलं. त्याच वर्षी शिमग्याला दोघं गावी गेली. मी गिरगावात वाढलेला, त्यामुळे गाऱ्हाणं हा प्रकार मला लग्नानंतरच कळला. देवळात मानकरी सगळ्या गावाच्या वतीनं देवाला एकेक मागणं सांगतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक मागण्यावर "होय म्हाराजा" म्हणतात. मामींनी त्या दिवशी मानकऱ्याच्या कानात आधीच एक वाक्य घालून ठेवलं होतं. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, मुंबईच्या चाकरमान्यांची खुशाली झाली आणि मग ते वाक्य आलं, की समोर चालू इंजिनाची गाडी असताना हे लेकरू सायकलच्या पायडलावर पाय ठेवणार नाही. मामांचं लक्ष देवळामागे तळल्या जाणाऱ्या वड्यांकडे होतं. सवयीनं त्यांनी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं "होय म्हाराजा" म्हटलं. बाहेर आल्यावर मामींनी त्यांना समजावून सांगितलं की ते आता बांधले गेले आहेत.

दुसरा कोणी असता तर त्यानं सायकल भंगारात काढली असती, नाहीतर देवाकडे काणाडोळा केला असता. मामांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी त्या वाक्याचा वकिलासारखा अभ्यास केला. रस्त्याकडेला उभी असलेली गाडी धरायची का? नाही. "इंजिन बंद म्हणजे ता कपाट," असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. गाडी मागून आली तर? समोर दिसेपर्यंत ती नाहीच. विजेवर चालणाऱ्या स्कूटर आल्या तेव्हा मात्र पंचाईत झाली. एकदा जेवणाचे डबे पोचवणाऱ्या एका पोराला थांबवून त्यांनी विचारलं, "बेटा, इसमें इंजिन है क्या?" तो म्हणाला, "चाचा, ऑर्डर लेट हो रहा है." शेवटी मामांनी गावी मानकऱ्याला फोन लावला. म्हातारा म्हणाला, "माझा डोक्या खाव नको. उतर." तेव्हापासून मामा स्कूटरलाही उतरतात.

या पेचातून मामांचा खरा छंद जन्माला आला, तो म्हणजे बिनगाडीच्या वाटा शोधणं. मुंबईत अशी वाट नसते असं आपण म्हणतो, कारण आपण उजाडल्यावर तासाभरानं उठतो. मामांना लालबागची कुठली गल्ली पहाटे मसाल्याचे टेम्पो येण्याआधी मोकळी असते ते ठाऊक आहे. घोडपदेवला कुठल्या दोन चाळींच्या मधून सायकल जाते आणि कुठे हँडल अडकतं, तेही ठाऊक आहे. दादरच्या पाच बागांना आतून कशी चक्कर मारायची, कुठल्या वसाहतीचं मागचं फाटक नुसतंच लोटलेलं असतं, हे त्यांना पाठ आहे. वाटेवरच्या निम्म्या वॉचमनांशी त्यांची दोस्ती आहे, ती मामींच्या खोबऱ्याच्या वड्यांच्या जोरावर. मला त्यांनी एकदा बरोबर नेलं. "जावयबापू, आज तुम्हाला रानातून नेतो," म्हणाले. ते रान म्हणजे एका बंद कारखान्याच्या आवारात माजलेली रानतुळस होती. पण तिथे पक्षी ओरडत होते, चाकाखाली पाचोळा वाजत होता, आणि पुढे चाललेल्या मामांची पाठ एखाद्या शाळकरी मुलासारखी ताठ होती. मला हेवा वाटला, हे कबूल करायला हरकत नाही.

हे सगळं ते मामींसाठी करत होते, हे मला फार उशिरा कळलं. नवं लग्न झालेलं असताना गावी मामांनी मामींना डबलसीट नेलं होतं, मळ्याच्या कडेनं, थेट खाडीपर्यंत. मुंबईत आल्यावर संसार, गिरणी, मग गिरणी बंद, या सगळ्यात ते पुन्हा झालं नाही, आणि मामा तशीच एक वाट शोधत होते. गेल्या थंडीच्या सुरुवातीला मामींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलं. कॅरियरवर बसणं वगैरे यापुढे विसरा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तेव्हा मामींनी तोंड उघडलं. शिवडीच्या खाडीत ती गुलाबी पाखरं येतात, ती त्यांना बघायची होती, आणि ती कॅरियरवर बसूनच. "पण मध्येच उतरवलात तर परत चढूक जमाचा नाय माका," हेही सांगून ठेवलं. म्हणजे मामांना आता अशी वाट हवी होती, जिच्यावर एकदाही उतरावं लागणार नाही.

महिनाभर मामा शिवडीला खेपा घालत होते. शेवटी वाट ठरली. रविवारी पहाटे गोदामं बंद असतात, तेव्हा स्टेशनच्या पलीकडून बंदराच्या रस्त्यानं थेट जेटीपर्यंत. मामींना घेऊन मी टॅक्सीनं गेलो, मामा सायकल घेऊन आधीच पोचले होते. कॅरियरवर उशी बांधलेली. गोदामाचा माल चढवायचा ओटा होता, त्यावरून मी मामींना अलगद कॅरियरवर बसवलं. नऊवारीचा काष्टा सावरून त्यांनी मामांच्या सदऱ्याला मागून घट्ट धरलं. सायकल दोनदा डुलली आणि निघाली. मी बाजूनं पळत होतो. रस्ता खरोखरच रिकामा होता, समोर धुक्यात नवा सागरी पूल दिसत होता आणि मामी चक्क हसत होत्या.

निम्म्या वाटेवर गोदामाच्या कोपऱ्यावरून पाण्याचा एक टँकर बाहेर आला आणि रस्त्यात मध्येच घरघरत उभा राहिला. ड्रायव्हर कोणाशी तरी फोनवर बोलत होता. मामांनी ब्रेक दाबला आणि एक पाय जमिनीला टेकवला. मी म्हणालो, "मामा, मारा पायडल. कोण बघतंय इथे?"

"देव सोडा हो. ही बघतली ना."

मामी अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "उतरू काय मी?"

मामांनी मला खुणेनं हँडल धरायला लावलं, दांडीवरून पाय काढला आणि खाली उभे राहिले. मग मागे वळून म्हणाले, "तू कित्याक उतरतंस? होय म्हाराजा मी म्हटलंय. तू खंय म्हटलंस?"

आणि एका हातानं हँडल, दुसऱ्यानं सीट धरून मामा चालायला लागले. टँकरच्या बाजूनं मामींची स्वारी पुढे गेली तेव्हा ड्रायव्हरनं फोन कानापासून खाली घेतला. इतकी वर्षं सायकल हातात धरून चाललेला माणूस तो, त्याच्या हातात ती जराही डुलली नाही. टँकर मागे पडल्यावरही मामा पुन्हा बसले नाहीत. तसेच जेटीपर्यंत चालत गेले.

ओहोटी होती. चिखलावर दूरपर्यंत पाखरं पसरली होती. कठड्याचा आधार देऊन आम्ही मामींना उतरवलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी हात जोडले. "देवा म्हाराजा, माझे गुडघे बरे होवंदेत."

मामांचं तोंड सवयीनं उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं आणि थांबले.

"आणि पुढच्या थंडीत ह्या माणसाबरोबर माका हय चलत येवंदे."

आणखी काही आहे का, याची मामांनी नीट वाट पाहिली. मग म्हणाले, "होय म्हाराजा." माझ्याही तोंडून ते निघून गेलं.

ऑपरेशन झालं. आता संध्याकाळी चाळीच्या अंगणात मामा हँडल धरून पुढे चालतात आणि मामी कॅरियरला धरून मागे. उशी अजून तिथेच बांधलेली आहे. फाटकातून एखादी स्कूटर आत आली की दोघंही थांबतात आणि ती जाईपर्यंत उभी राहतात. थंडी यायला अजून बराच अवकाश आहे.