आबांची निळी डोणी

माणसाचं तोंड सर्वांत शेवटी पाहणारा गृहस्थ वेल्ह्याच्या डोंगरात एकच होता, आणि तो माझ्या शाळासोबत्याचा बाप. सारी वस्ती त्यांना आबा म्हणे. पासलीच्या वरच्या माळावर त्यांची वीसेक मेंढरं होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रामराम घेण्याआधीच ते म्हणाले, "चालून दाव." मी चाललो. "डावा पाय जपून टाकतोस. काटा हाय का खोड?" खोडच होती, तोवर ती कोणाच्याच, अगदी माझ्याही, ध्यानात आली नव्हती.

या वेडाला कारण होतं. एका पावसाळ्यात बाजारातून आणलेल्या लंगड्या मेंढीपासून खूर सडण्याचा रोग पसरला आणि अख्खा कळप गुडघे टेकून चरू लागला. निम्मी मेंढरं खंगून गेली. तेव्हापासून घराच्या आणि मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या सामाईक वाटेच्या तोंडाशी दगडी डोणी बसली आणि तीत भोरहून आणलेल्या मोरचुदाचं, खुरांची सड मारणारं निळं पाणी आलं. मेंढरांनी ते विषारी पाणी पिऊ नये म्हणून आबा आधी त्यांना ओढ्यावर पोटभर पाणी पाजत, मगच डोणीतून चालवत. लंगडणारीला लगेच ओढ्यापलीकडचं वाडगं. चिखल वहाणांनाही लागतो, म्हणून माणसांनाही सूट नव्हती. एक तलाठी निळ्या पावलांनी वेल्ह्याला परतले आणि पुढे बाजारात त्याच रंगाने ओळखले गेले.

मित्राच्या लग्नाला व्याही कापूरहोळकडून नवरी घेऊन आले. सोबत आंदणाची गाभण मेंढी. आबांनी नवरीकडे ओझरतं पाहिलं. "पोरगी लक्ष्मीवानी हाय. आता मेंढीचं पाय दावा." आबांनी खुराच्या बेचक्यात बोट फिरवून हुंगलं. "वास येतोया. बरी हुईस्तवर निराळी ऱ्हाईल."

व्याही उसळले. "लेकीचं आंदण एकटं टाकता? उद्या लेकीलाबी आसंच टाकाल. गाडी जुपा रं!"

अंगाला हळद लागलेला मित्र बापाकडे पाहत उभा राहिला.

"एकटी कशापायी?" आबा म्हणाले. "मी हाय की." त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली, मेंढीला उचललं आणि ओढा ओलांडला. पोराच्या हळदीचं जेवण त्यांनी तिच्याशेजारी बसून केलं. व्याही बराच वेळ पाहत होते. मग उठले आणि वहाणांसकट डोणीत उतरले.

"लई नखरं हाईत तुमच्या घरात, पावनं!"

"फकस्त पायाचं," ओढ्यापलीकडून उत्तर आलं.

लग्न लागताना आबा पाय बुडवून आले, अक्षता टाकल्या आणि मेंढीपाशी परत गेले. ती बरी होऊन कळपात आली तेव्हा डोणीशी सून उभी होती. पुढे तो पहारा तिच्याकडेच राहिला.

बऱ्याच वर्षांनी गेलो तर आबांची दृष्टी गेली होती आणि ते आत बाजेवर पडून होते. मी घाईने आत शिरू लागलो. सुनेने वाट अडवली. "भावजी, आधी पाय."

मी डोणीतून चालत गेलो. पाणी डुचमळलं. आतून थकलेला आवाज आला, "डावा आजून जपूनच टाकतोस की रं. ये, बस."