मी थांबलो तरी तुम्ही ओढा

डोंबिवली, एकोणीसशे पन्नासच्या पुढेमागे... गौरी अजून यायच्या होत्या आणि आमच्या चाळीत गणपतीच्या आरतीची तयारी चालली होती. मी मात्र घरात भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

वय बाविशीचं, आणि चार वर्षांपासून दमा. गोळ्या होत्या, त्यांनी छाती मोकळी व्हायची आणि हात थरथरायचे. पण दमा छातीपुरता राहिला नव्हता, त्याने डोक्यातही बिऱ्हाड थाटलं होतं. आज याला डिप्रेशन म्हणतात. तेव्हा 'फार विचार करू नकोस' म्हटलं की विषय संपायचा.

झालं होतं असं... आमच्याकडे आरतीतली एक ओळ लांबवायची पद्धत. एका दमात कोण किती ओढतो याची चढाओढच लागते. लहानपणी चाळीत माझ्यापुढे कोणी टिकत नसे.

आदल्या दिवशी आईने मला बळेबळे बापूकाकांच्या खोलीत नेलं. गणपती त्यांचा, आरती सगळ्या चाळीची. ती ओळ आली... आणि सगळ्यांनी ती चटकन संपवून टाकली. पोरं हिरमुसली. काकांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "तो असताना कोणी ओढायचं नाही, त्याला वाईट वाटेल."

माया होती हो, नाही कोण म्हणतो? पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि गंमत म्हणजे ओळ आखडली, पण धुपाटणं माझ्या नाकाखालीच धुमसत होतं! मला त्रास व्हायचा तो त्या धुराचा. ते मेलं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तर दुसऱ्या दिवशी घरात बसून हेच घोळत होतं... आपण गेलो की लोकांचा आनंद जातो. मग जायचंच कशाला? आज आरती सोडू, उद्या लग्नकार्य, परवा ऑफिस. आणि एकदम मनात आलं, आपण नसलोच तर सगळ्यांचं बरं होईल.

त्या विचाराची मला भीती वाटली. धाप लागल्यावर वाटते त्याहून जास्त. आई माझ्यासाठी घरीच थांबली होती. तिला म्हणालो, "आई, डोक्यात काहीतरी भलतंच येतंय गं."

ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "बरं झालं बोललास. पण इथे बसून जाणारेय का ते? ऊठ, मी येते बरोबर."

गेलो. एक आरती संपून दुसरी सुरू व्हायची होती. दारातूनच म्हणालो, "काका, ते धुपाटणं आधी मागच्या दारी ठेवा. मी इथे वाऱ्याला उभा राहतो. आणि ती ओळ ओढायची, काय? माझा दम संपला की मी थांबेन. तुम्ही कोणी थांबू नका."

काका ओशाळले. "अरे, मग कालच बोलायचंस ना!"

ओळ आली. मी जोरात सूर लावला आणि लगेच संपलोसुद्धा. शेजारी माझा मित्र मधू, तो माझ्याकडे बघून आवाज उतरवायला लागला. मी हातानेच खूण केली, ओढ!

मग काय... मधू लालबुंद, पोरं माना वर करून, काकांना तर ठसकाच लागला. मी दाराशी टाळ्या वाजवत होतो. हसत होतो, कित्येक महिन्यांनी.

दमा काही गेला नाही. आता नव्वदी ओलांडली, तरी सोबतीला आहे. मनही अधूनमधून खचायचं. पण तेव्हापासून ठरवलं... खचलो की कोणाला तरी सांगायचं, नेमकं काय हवंय ते मागायचं आणि माणसांत जायचं. कधी जमलं, कधी फरपटत गेलो, पण गेलो.

आई, काका, मधू... आज यांतलं कोणीच नाही. माझा आवाज बंद पडल्यावर ती माणसं थांबली नाहीत, याचे उपकार मी अजून मानतो.